दिवेलागणीची तक्रार

वागळे इस्टेटमधला एक जुना गाळा. खाली छपाईची यंत्रं, वर पॅकिंग, आणि पॅकिंगच्या छताला एक चपटी पांढरी डबी, मध्ये निळा दिवा. दिवा लागलेला आहे, फोनमध्ये नेटवर्कचं नाव दिसतंय, तरी मालक हैराण आहेत. दोन टेबलं ओलांडून पलीकडे गेलं की वेग पडतो. त्यांनी आणखी दोन डब्यांचं कोटेशन मागवून ठेवलंय. नेटवर्कची कामं करणाऱ्या दादाला बोलावलंय ते फक्त त्या कुठे ठोकायच्या हे सांगायला.

दादा शिडी मागत नाही. तो जिन्याखालच्या लोखंडी कपाटाशी वाकतो, टॉर्च तोंडात धरतो आणि नेटवर्कच्या स्विचच्या पाठीवरचं बारीक लेबल वाचतो. मग डबीचा मॉडेल नंबर फोनवर शोधतो.

"मालक, डबीला तीस वॅट पाहिजेत. तुमचा स्विच पंधराच देतोय."

छताला लागणाऱ्या या डब्यांना, म्हणजे ॲक्सेस पॉइंटना, बहुतेक ठिकाणी वेगळा प्लग नसतो. इंटरनेटची जी वायर त्यांच्यापर्यंत जाते, तिच्यातल्याच तांब्याच्या जोड्यांमधून त्यांची वीजही जाते, साधारण ४८ व्होल्टची. धंद्यात याला पीओई म्हणतात. २००३ साली त्याचं पहिलं मानक आलं, तेव्हा स्विचच्या एका पोर्टने १५.४ वॅट द्यायचे आणि डबीने मात्र १२.९५ वॅटच हाताशी धरायचे असं ठरलं. मधले अडीच वॅट शंभर मीटर वायर तापण्यात जाणार, हे गृहीतच होतं. वायर स्वतःसाठी काही ठेवून घेते, हे मानक लिहिणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर मांडलं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. २००९ साली पोर्टची मर्यादा ३० वॅटवर गेली, २०१८ साली ९० वर. नव्या डब्यांपैकी बऱ्याच जणींना मधली पायरी लागते. जुन्या स्विचला जोडल्या तर त्यातल्या कित्येक बंद पडत नाहीत. मिळेल तेवढ्या विजेत भागवतात, रेडिओची ताकद उतरवतात आणि निळा दिवा मात्र तसाच ठेवतात. बंद पडलेल्या डबीपेक्षा अशी डबी ओळखायला कठीण.

दादा पिशवीतून तीस वॅटचा इंजेक्टर, म्हणजे भिंतीच्या प्लगमधली वीज वायरीत घालणारा ठोकळा, काढतो आणि स्विच व डबी यांच्या मध्ये लावतो. डबी पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ घेते. मालक फोन हातात धरून गाळ्याच्या टोकापर्यंत चालत जातात. कागदाच्या थप्प्यांमागून आवाज येतो, "आलं! पूर्ण आलं!" आणखी दोन डब्यांचं कोटेशन तिथेच बाद होतं.

दादाचा फोन वाजतो. डोंबिवलीहून अभ्यासिकेच्या खजिनदार ताई. "दादा, आज तर साडेचारलाच नेट गेलं. मुलांच्या टेस्ट सिरीज आहेत हो."

"काकांची वही आहे ना चालू? ती काढून ठेवा. मी निघालो."

ठाण्याहून स्लो लोकल. दाराशी पावसाची झड, आत ओल्या छत्र्या. कळवा, मुंब्रा, दिवा. दादा खिडकीशी बसून स्विचचं मॅन्युअल वाचतोय. मी समोरच्या पोरांकडे बघतो. दोघं फोनवर प्रश्नसंच सोडवतायत. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांनी स्थानकांवरचं मोफत वायफाय सुरू केलं ते मुंबई सेंट्रलपासून. २०१८ पर्यंत चारशे स्थानकं झाली. पुढे २०२० मध्ये गूगलने हात काढून घेतला, तरी रेलटेलचं वायफाय राहिलं. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने त्याच वायफायवर व्याख्यानं ऐकत ऐकत केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केल्याची बातमी २०१८ मध्ये देशभर छापून आली होती. सामान उचलताना कानात इअरफोन असे म्हणे. त्या बातमीच्या मागे कुठेतरी फलाटावरची एक डबी होती आणि तिला अखंड वीज पुरवणारी एक वायर होती. तिच्यावर कुणी काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

डोंबिवली पूर्व. स्थानकाबाहेर रिक्षांची रांग, भाजीवाल्यांच्या निळ्या प्लास्टिकवर साठलेलं पाणी. अभ्यासिका एका जुन्या चार मजली इमारतीत आहे. दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली आणि मुलींची खोली, तिसऱ्यावर नंतर घेतलेली तिसरी खोली. चपलांचे ढीग, भिंतीवर ‘मोबाईल सायलेंट’ची पाटी, आणि त्या शांततेत पंख्यांचा आवाज. ही मुलं इथे का येतात ते सांगायला नको. घरी एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आजी, टीव्ही, धाकटी भावंडं. इथे महिन्याच्या फीत एक खुर्ची मिळते, एक दिवा मिळतो आणि वायफाय मिळतं. यातलं एक जरी गेलं तरी संध्याकाळ गेली.

वरच्या बाकावरचा इंजिनीअरिंगचा मुलगा पुढे होतो. त्याच्या फोनवर आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी आहे, न संपणारी. "दादा, चॅनेल बदला ना. सगळे एक, सहा, अकरावर कोंबलेत. इंटरफेरन्स आहे हा."

मुलगा चुकीचं बोलत नाहीये. या गल्लीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर आहे आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच. दादा मान डोलावतो, लॅपटॉप उघडतो आणि डबीच्या पानावर एका ओळीकडे बोट नेतो. "ही बघ. डबी चालू होऊन किती वेळ झाला ते इथे लिहिलंय. चौदा मिनिटं. गर्दीने वेग कमी होतो, पण गर्दी डबीला रीस्टार्ट करत नाही. हिची वीजच गेली होती."

त्या एका ओळीने अर्धी इमारत संशयातून सुटते. राउटर, इंटरनेट देणारी कंपनी, चॅनेल, मुलांचे फोन, सगळे बाजूला. आता फक्त वीज कुठे तुटते ते शोधायचं.

काका वही आणतात. इथले रखवालदार, साठीपुढचे. पूर्वी कापडाच्या गिरणीत होते. त्यांनी प्रत्येक वेळी नेट गेलं की तारीख, वेळ आणि कुठल्या खोलीत हे टिपून ठेवलंय. बाजूला स्वतःच्या समजुतीने रोज पाऊस कधी पडला तेही लिहिलंय. दादा वही मांडीवर घेतो आणि पेन्सिलीने खुणा करायला लागतो. मोठी खोली: सहा पन्नास, सात, सहा पंचावन्न, सात पाच. मध्येच एक साडेचार, एक दुपारचे तीन.

"पावसामुळेच होतंय दादा," ताई म्हणतात. "साडेचारला गेलं तेव्हा बाहेर काळोख करून कोसळत होता."

"आणि हा बुधवार? काकांनी ‘कोरडा’ लिहिलंय. तरी सातला गेलंच." पेन्सिल आणखी खाली सरकते. "आणि या सकाळी अकराला धो धो पाऊस आहे, तेव्हा काही नाही." तो वही मिटतो. "काका, संध्याकाळी इथे काय चालू होतं, जे दुपारी बंद असतं?"

"ट्यूबलाइट दिवसभर चालूच. पंखे चालूच. पोरं तर दुपारी जास्त असतात." काका विचार करतात. "जिन्यातला बल्ब लावतो मी. पण तो तर वेगळ्या मीटरवर."

दादा जिन्याकडे बघतो. जिन्याच्या कोपऱ्यात कॅमेरा आहे. दारात एक, मोठ्या खोलीच्या आणि मुलींच्या खोलीच्या बाहेर एकेक. तो ऑफिसमधल्या स्विचसमोर जाऊन वायरी मोजतो. आठ पोर्टचा स्विच, त्यातली सात भरलेली: चार कॅमेरे, तीन ॲक्सेस पॉइंट. सगळ्यांची वीज इथूनच. लॅपटॉपवर स्विचचं पान उघडतं. एकूण देता येईल इतकी वीज ६५ वॅट. आत्ता जातेय ५२.

सव्वासहा वाजलेत. बाहेर अजून उजेड आहे, पावसाळी, करडा. दादाला आता एक गोष्ट करून बघायचीय, पण त्याआधी तो मोठ्या खोलीच्या दारात उभा राहतो आणि हळू आवाजात विचारतो, "पाच मिनिटं नेट जाईल. कुणाची टेस्ट चालू आहे का?"

खिडकीपाशी एक मुलगी हात वर करते. अर्धा तास लागेल, पावणेसातला संपेल... ती चाचपडत विचारते, "थांबाल का?" दादा मान हलवतो आणि बाहेर येऊन बाकावर बसतो. त्याला आज डोंबिवलीनंतरही काम आहे, हे मला ठाऊक आहे. तो थांबतो. ताई चहा मागवतात. हे थांबणं कुठल्याही बिलात येत नाही, पण काम कसं चाललंय ते मला तिथेच दिसतं.

पावणेसातला मुलगी बाहेर येऊन सांगते, झालं. उजेड अजून टिकून आहे. दादा काकांना डस्टर देतो. "जिन्यातला कॅमेरा झाका. घट्ट."

काका खुर्चीवर चढून कॅमेऱ्यावर डस्टर धरतात. कॅमेऱ्याला वाटतं रात्र झाली. आतून टक् असा बारीक आवाज होतो, मॉनिटरवरचं चित्र रंग सोडून काळंपांढरं होतं आणि भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. डोळ्यांना ते जेमतेम लालसर दिसतात. स्विचच्या पानावर ५२ चे ५६ होतात.

"आता दारातला."

साठ.

"मुलींच्या खोलीबाहेरचा." ताई स्वतः जातात. चौसष्ट. मोठ्या खोलीच्या दारात मुलं जमलीयत. कुणी बोलत नाही. इंजिनीअरिंगच्या मुलाने चौथ्या कॅमेऱ्यावर स्वतःची टोपी धरलीय आणि तो आकड्याकडे मान वळवून बघतोय.

टक्.

आकडा अडुसष्टला टेकतो न टेकतो तोच छप्पन्नवर पडतो. मोठ्या खोलीच्या छतावरचा निळा दिवा विझतो.

सगळी खोली एकदम बोलायला लागते. दादा हात वर करून त्यांना दाखवतो. स्विचकडे पासष्ट वॅटच आहेत. मागणी त्यापुढे गेली की तो कुणाचं तरी पोर्ट तोडतो. अग्रक्रम ठरवून दिलेला नसेल तर बहुतेक स्विच लहान क्रमांकाच्या पोर्टला सांभाळतात आणि शेवटच्याला सोडतात. शेवटच्या पोर्टवर मोठी खोली आहे. थोड्या वेळाने स्विच तिला पुन्हा वीज देऊन बघतो. नुकती सुरू झालेली डबी कमी खाते म्हणून ती उभी राहते, मुलांचे फोन तिला जोडले जातात, तिची भूक वाढते आणि परत तुटते. रात्रभर हाच खेळ. पावसाळी ढग दाटून आले की कॅमेऱ्यांना दुपारीच रात्र होते, म्हणून तीन आणि साडेचार.

काका खुर्चीवरून उतरतात. "म्हणजे खालच्यांनी सगळे नळ सोडले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं."

"अगदी तसंच काका."

फॉल्ट हवा तेव्हा पाडून दाखवता आला, आणि हेच या कामातलं खरं कौशल्य आहे असं मला ठामपणे वाटतं. डबी बदलून बघू, स्विच बदलून बघू, राउटर रीसेट करून बघू, यातलं काहीही इथे करता आलं असतं आणि काही ना काही दिवस बरंही वाटलं असतं. दादाने एकही वस्तू न बदलता, डस्टर आणि टोपीने, चार टप्प्यांत कारण सिद्ध केलं. तो मोठ्या खोलीच्या वायरीत एक इंजेक्टर लावतो. त्याची वीज आता भिंतीच्या प्लगमधून येते. सगळ्या कॅमेऱ्यांवर अंधार धरला तरी स्विचवर छप्पन्नच. मग तो अग्रक्रमाच्या पानावर जाऊन उरलेल्या दोन ॲक्सेस पॉइंटना वर घेतो.

ताई पाकीट उघडतात. दादा म्हणतो, "थांबा. वही संपली नाहीये."

वहीत पेन्सिलीच्या खुणा दोन प्रकारच्या आहेत हे आता माझ्या लक्षात येतं. गोल केलेल्या वेळा दिवेलागणीच्या. काही मात्र नुसत्या अधोरेखित आहेत: रात्री नऊ, साडेनऊ, एकदा दुपारी एक. सगळ्यांपुढे ‘वरची खोली’, आणि प्रत्येक वेळी पाऊस. इथे काकांचा संशय बरोबर निघण्याची शक्यता आहे.

तिसऱ्या मजल्याच्या डबीचं पान सांगतं की ती शंभर मेगाबिटवर जोडली गेलीय, हजारावर नाही. दादा पान बघूनच म्हणतो, "निळी किंवा तपकिरी जोडी गेली." वायरीत चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभरला पहिल्या दोन पुरतात, हजाराला चारही लागतात. म्हणून एखादी जोडी मेली की नेट बंद पडत नाही, गुपचूप दहा पट हळू होतं. केबल टेस्टरची दोन टोकं दोन मजल्यांवर लावली जातात. दिवे एकामागून एक उजळत जातात. एक, दोन, तीन, चौथा नाही, पाचवा नाही, सहा. सातवा लुकलुकतो.

वायर कुठून गेलीय? खिडकीतून बाहेर, छज्ज्याखालून, बाहेरच्या भिंतीने वर. दादा खिडकीत अर्धा बाहेर वाकतो. त्याच्या कमरेला काकांनी धरलंय, टॉर्च माझ्याकडे. बाहेर सगळ्या मजल्यांवरून केबल टीव्हीच्या, फायबरच्या, कुणाच्या कुणाच्या वायरी लोंबतायत, त्यातल्या कित्येक केव्हाच मेलेल्या. छज्ज्याच्या कडेला, नेमकं पाणी ठिबकतं तिथे, आपल्या वायरीला सांधा आहे. पिळून जोडलेल्या तारा आणि वर काळी चिकटपट्टी.

पट्टी सोडवली की आत हिरवट थर. दादा एक तार ब्लेडने खरवडतो. वरचा तांबूस रंग लगेच निघतो आणि आत पांढुरकं दिसतं. ॲल्युमिनियम. वर तांब्याचा नुसता मुलामा.

तो पहिल्यांदाच चिडतो. "पेटीवर कॅट सिक्स छापलेलं असतं. हिच्यातून पीओई चालवायचीच नसते."

ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. मुलाम्याची वायर त्याच्या जवळ जाते. स्विच पोर्टवर पूर्ण वीज सोडण्याआधी दहा व्होल्टच्या आतला सौम्य दाब देऊन बघतो की समोर २५ हजार ओहमचा ठरावीक रोध दिसतो का. दिसला तरच ४८ व्होल्ट. याच तपासणीमुळे पीओईच्या पोर्टला साधा लॅपटॉप चुकून जोडला तरी जळत नाही. पण सांध्यात पाणी शिरलं की हा रोध भलताच दिसतो आणि स्विच डबीला ओळखायलाच नकार देतो. ओळखलं तरी पुढे वरच्या खोलीत मुलं वाढली की डबी जास्त वीज ओढते, वीज वाढली की खराब वायरीत दाब आणखी पडतो. दादा डबीजवळ छोटा मीटर लावून चार फोनवर एकदम व्हिडिओ चालवायला सांगतो. आकडा चाळिसाच्या खाली घसरत जातो आणि डबी बसते.

सोसायट्यांमध्ये, क्लासमध्ये, दवाखान्यांत खरेदीची चर्चा मी ऐकतो तेव्हा ती डबी कुठल्या कंपनीची यावरच रंगते. वायर ‘चांगली टाका’ एवढ्यावर सोडली जाते आणि मग कंत्राटदार तिथेच पैसे वाचवतो, कारण भिंतीआडची वायर कुणी खरवडून बघत नाही. डबी पाच वर्षांत बदलेल. वायर पंधरा वर्षं तिथेच राहणार आहे. ब्लेडचा एक ओरखडा वायर आत जाण्याआधी मारला तर हे सगळं टळतं, आणि तो मारण्याचा हक्क पैसे देणाऱ्याचा आहे. तो वापरायला हवा.

दादा पेटीतून शुद्ध तांब्याची वायर काढतो. बाहेरून नाही, आतून न्यायची, जिन्याने. आज तात्पुरती, कठड्याला बांधून. रविवारी पाइपातून कायमची, मध्ये सांधा न घेता. इंजिनीअरिंगचा मुलगा वेटोळं उलगडत वर जातो. दादा टोक सोलतो, आठ तारा बोटांनी सरळ करतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कनेक्टर दाबल्याचा आवाज जिन्यात घुमतो. टेस्टरवर आठही दिवे. लॅपटॉपवर हजार. पुन्हा चार फोन, पुन्हा व्हिडिओ. मीटर सत्तेचाळीसच्या आसपास स्थिर.

"जुनी वायर ठेवू का?" काका विचारतात. "कपडे वाळत घालायला होईल."

"कापून टाका काका. नाहीतर पुढचा कुणीतरी तिलाच जोडेल."

ताई पैसे देतात, पावती घेतात, आणि पावतीच्या मागे ‘तांबे, सांधा नाही’ असं दादाकडून लिहून घेतात. पुढच्या कमिटीला दाखवायला.

नऊ वाजून गेलेत. डोंबिवलीच्या पुलावर पुन्हा फोन. कल्याण पश्चिमेला खडकपाड्याच्या बाजूचा एक क्लास. दोन इमारतींच्या गच्च्यांवर जुने रेडिओ आहेत, इकडचं नेट तिकडे नेणारे. वीज कडाडली आणि अडॅप्टर गेला. पलीकडचा माणूस उत्साहाने सांगतोय की शेजारच्या दुकानातून तसाच दुसरा मिळालाय, पीओईचाच, आता लावतोच.

दादा जिन्यातच थांबतो. मागून येणारी गर्दी दोन्ही बाजूंनी जाते. "थांबा, थांबा. लावू नका. जुन्या अडॅप्टरवर काय लिहिलंय वाचा. आउटपुट. व्होल्ट."

"चोवीस."

"नव्यावर?"

पलीकडे टॉर्च शोधल्याचा आवाज. "अठ्ठेचाळीस."

"तो बहुधा जुन्या पद्धतीचा आहे सर. समोर काय आहे ते तपासत नाही, सरळ वीज सोडतो. चोवीसच्या रेडिओत अठ्ठेचाळीस गेले तर रेडिओ जळेल. बाजूला ठेवा तो. गच्चीवरची वायर भिंतीत शिरते तिथे पाणी उतरतंय का तेवढं बघून ठेवा, छत्री घेऊन, आणि वीज चमकत असेल तर तेही नको. माझ्याकडे चोवीसचा आहे."

इंडिकेटरवर कल्याण स्लो, दोन मिनिटं. दादा पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतो आणि पायऱ्या उतरायला लागतो.